झिलईचा जमाखर्च

दिवाळी जवळ आली की आमच्या बाजूला घरोघरी एक आवाज सुरू होतो. तो फटाक्यांचा नव्हे, घासण्याचा. माळ्यावरचा बंब खाली उतरतो, घंगाळ उतरते, समया आणि निरांजने ओळीने येऊन बसतात. मग चिंच, मीठ, चुलीतली राख आणि काथ्याचा बोळा घेऊन घरातली माणसे अंगणातल्या दगडावर बैठक मारतात. तासाभराने काळाकुट्ट बंब असा लालबुंद होऊन निघतो की त्यात आपलेच तोंड आपल्याला वाकडेतिकडे दिसावे. सारे खूश होतात. ज्या पाण्यात तो विसळला ते हिरवट काळे पाणी मात्र माडाच्या मुळाशी जाते, आणि त्याच्याकडे कोणी पाहत नाही. ते पाणी म्हणजे बंबच. दरसाल थोडा थोडा बंब आपण माडाला घालत असतो.

तांब्याचा पत्रा जाड असतो, तीनचार पिढ्यांना पुरून उरतो, म्हणून हा हिशेब कोणी मांडत नाही. पण जिची सारी शोभा कागदाएवढ्या पातळ थरात साठवलेली आहे अशा वस्तूच्या बाबतीत तो मांडावाच लागतो. अशा दोन वस्तू मला ठाऊक आहेत. एक जुनी मोटार आणि दुसरे आमच्या सावंतवाडीचे लाखकाम. या दोहोंचा परस्परांशी संबंध काय, असे वाचकांस वाटेल. संबंध नात्याचा आहे. थोडे रक्ताचे, थोडे मानलेले.

प्रथम मोटारीकडे वळू. कोल्हापूरच्या दसरा चौकात सोने लुटण्याच्या सोहळ्याला छत्रपतींच्या घराण्याची जुनी मेबॅक मोटार येते, तेव्हा आपट्याची पाने हातात धरून उभी असलेली माणसे आधी त्या गाडीकडे पाहतात आणि मग इतर गोष्टींकडे. आमच्या ओरोसवरून मुंबई-गोवा रस्ता जातो. त्या रस्त्याने एखादी साठसत्तर वर्षांची गाडी गोव्याकडे निघालेली दिसली, तर चहाच्या टपरीवरची माणसे ग्लास हातात तसाच धरून उभी राहतात. जुन्या गाडीच्या आकाराचे हे कौतुक असते, पण तितकेच रंगाचेही असते. नव्या गाडीचा रंग काच लावल्यासारखा चमकतो. जुन्या गाडीचा रंग खोल वाटतो. विहिरीत डोकावल्यासारखे नजर आत जाते.

आता हीच गाडी कडक उन्हात उभी करा आणि सूर्याचे प्रतिबिंब तिच्या बॉनेटवर जेथे पडले असेल तेथे निरखून पाहा. त्या तेजस्वी ठिपक्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक बारीक वर्तुळे दिसतात. मोटारीचे शोकीन त्यांना इंग्रजीतून ‘स्वर्ल मार्क’ म्हणतात. मी येथे त्यांना चक्री चरे म्हणतो. पुष्कळांची समजूत अशी की पुसणाऱ्याने फडके गोल गोल फिरवले म्हणून चरे गोल उमटले. ही समजूत अर्धीच खरी आहे. चरे सगळ्या दिशांनी पडलेले असतात. आडवे, उभे, तिरके, वाटेल तसे. पण प्रकाशाच्या वाटेला जे आडवे जातात तेवढेच आपल्या डोळ्यांकडे उजेड फेकतात, बाकीचे गप्प राहतात. म्हणून दिव्याभोवती नेहमी वर्तुळच दिसते. डोके हलवले की ते वर्तुळ आपल्याबरोबर सरकते. घरातले स्टीलचे जुने ताट दिव्याखाली धरून कोणीही हा खेळ करून पाहावा. मी वर्गात मुलांना तो दाखवतो. आणि डब्याच्या झाकणावर वर्तुळे सापडली की भूमितीचा तास काही काळ बरा जातो.

आता मोटारीच्या या रंगाचे नाव घ्यायचे तर ‘लॅकर’ असे घ्यावे लागते, आणि येथे नात्याची गोष्ट सुरू होते. लॅकर हा शब्द आपल्या लाखेचा नातू आहे. संस्कृतातली लाक्षा प्राकृतातून लाख झाली, अरबांच्या तोंडी लक्क झाली, पोर्तुगीजांनी तिचे लाक्रे केले आणि तेथून इंग्रजांनी लॅकर उचलले. अमरकोशात लाखेला जी नावे दिली आहेत त्यांत जतु आहे, अलक्त आहे आणि द्रुमामय असेही एक आहे. द्रुमामय म्हणजे झाडाचा रोग. जुन्या माणसांची नजर किती स्वच्छ होती पाहा. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या कोवळ्या डहाळ्यांवर एक बारीकसा किडा लाखोंनी वस्तीला येतो, झाडाचा रस पितो आणि स्वतःभोवती राळेसारखे कवच करून त्यात गाडून घेतो. ते कवच म्हणजे लाख. महाभारतात वारणावताला पांडवांसाठी बांधलेले जतुगृह याच जतूचे. ते पेटते किती लवकर हे दुर्योधनाच्या माणसांना ठाऊक होते.

लाखेतून दोन वस्तू निघतात, तांबडा रंग आणि राळ. कित्येक शतके मोठा मान रंगाला होता, अळता त्याचाच. १८५६ साली पर्किनने डांबरापासून कृत्रिम रंग काढला, पुढे असे रंग एकामागून एक बाजारात आले आणि लाखेच्या रंगाचे दिवस संपले. राळेचे भाग्य मात्र त्याच सुमारास उघडले. स्पिरिटमध्ये विरघळवून लाकडावर चढवायला तिच्यासारखे दुसरे काही नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ग्रामोफोनच्या तबकड्याही तिच्यापासून होऊ लागल्या. आपल्या आजोबांनी ऐकलेली नाट्यपदे झाडाच्या या रोगावर कोरलेली होती, आणि सुईने त्या तबकडीवर ओढलेल्या चऱ्यांची खरखर पदाबरोबर फुकट ऐकू यायची.

लाखेचे हे काम आपल्या दाराशी कसे चालत असे, याची एक जुनी साक्ष आहे. यान हायखेन फान लिन्सखोटेन नावाचा एक डच तरुण १५८३ साली गोव्यास आला आणि तेथल्या आर्चबिशपच्या पदरी काही वर्षे चिटणीस होता. परत गेल्यावर १५९६ साली त्याने आपले प्रवासाचे पुस्तक ॲम्स्टरडॅममध्ये छापले. मसाले, वारे, बंदरे यांची बित्तंबातमी त्यात होती म्हणून डच आणि इंग्रज व्यापाऱ्यांनी ते डोक्यावर घेतले. पण त्याच पुस्तकात लाखेवरही मजकूर आहे. लाख कुटून, वितळवून, तिच्यात रंग मिसळून कांड्या करतात, फिरत्या लाकडावर ती कांडी दाबून धरतात, घर्षणाच्या उष्णतेने लाख पाघळते आणि लाकडाला चिकटते, हे सारे त्याने पाहिले होते. गोवा आणि आमचा जिल्हा यांच्यात तेरेखोलची खाडी तेवढी आडवी आहे. असले कसब खाडी ओलांडायला फार दिवस लावत नाही.

या कृतीतले मर्म असे की येथे चकाकी घासून काढलेली नसते. लाख उष्णतेने पातळ होते, वाहते, आणि वाहता वाहता आपले खड्डे आपणच भरते. कर्नाटकातील चन्नपट्टणला खेळणी करणारे कारागीर आजही शेवटचा हात केवड्याच्या जातीच्या पानाने फिरवतात. ते पान लाख खरवडत नाही. ऊब देते आणि पसरते. अशा वस्तूवर नवी असताना चक्री चरे शोधूनही सापडायचे नाहीत. चरे येतात ते पुढे, माणसांच्या संसारात.

सावंतवाडीला मोती तलाव आणि राजवाडा पाहून झाला की लोक चितारआळीत शिरतात. पाहुण्यांची मुले तेथून हलायला तयार नसतात. लाकडाचे आंबे, केळी, वांगी, मिरच्या. त्याशिवाय पाट, चौरंग, देव्हारे, भातुकली. ही चिताऱ्यांची कला. या आळीतही पुढे डब्यातला तयार रंग आला आणि त्यावर मारायचे पारदर्शक लॅकरही आले, त्याला इलाज नव्हता. पण शब्दाचा प्रवास ध्यानात घ्यावा. लाख येथून गेली, पोर्तुगीज गलबतांतून युरोप फिरली, आणि शेवटी डब्यावर इंग्रजी अक्षरांत लॅकर होऊन परत आली. परत आलेल्या डब्यात लाखेचा मात्र थेंब नसतो. परदेशी गेलेल्या मुलाने नाव तेवढे घराण्याचे ठेवावे, तसे हे झाले.

चिताऱ्यांच्या कामातले सर्वांत नाजूक काम गंजिफांचे. दशावतारी गंजिफा म्हणजे दहा अवतारांचे दहा रंग, दर रंगात बारा पाने, एकूण १२० गोल पाने. दिवसा डाव मांडला तर रामाने सुरुवात व्हायची, रात्री मांडला तर कृष्णाने. पान तयार करताना कापड वा कागद चिकटवून चकत्या करायच्या, चिंचोक्याची खळ आणि खडूची पूड यांचे लेप द्यायचे, गुळगुळीत दगडाने घोटायचे, मग चित्र काढायचे आणि संरक्षणासाठी वर लाखेचा हात द्यायचा. येथे दगडाने घोटणे आहे, पण तेही खरवडणे नव्हे. उंचवटे दाबून बसवणे आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही पाने करणारा एकच वृद्ध चितारी वाडीत उरला होता. तेव्हा शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी स्वतः ती विद्या समजून घेतली, तरुण मुलांना शिकवली आणि राजवाड्यात काम सुरू केले. राजवाड्याच्या दरबारात पूर्वी मुजरे झाले असतील. पुढे तेथे माणसे मान खाली घालून मत्स्य-कूर्म रंगवू लागली. मला ही दुसरी शोभा अधिक वाटते.

इकडे युरोपात काय चालले होते? तेथल्या लोकांनी चीन-जपानची काळी चकचकीत पेटारी पाहिली आणि ते वेडे झाले. जपानी लॅकर ही वस्तू निराळी. ती किड्याची नव्हे, एका झाडाच्या चिकाची. तो चीक युरोपात मिळेना, म्हणून त्यांनी आपली लाख स्पिरिटात विरघळवून तिचीच नक्कल केली आणि तिला जपानचे नाव दिले. घोडागाड्यांवर तेलाचे व्हार्निश चढवायचे कामही असेच भरभराटीला आले. थरावर थर, प्रत्येक थर सुकायला दिवस, मधून मधून प्युमिस दगडाच्या पुडीने घासणे. चांगली बग्गी रंगवायला आठवडे लागत. मोटार आली ती प्रथम या बग्गीचेच कपडे घालून आली. फोर्डच्या कारखान्यातून मिनिटामिनिटाला गाडी बाहेर पडू लागली तेव्हा रंग सुकण्याची वाट पाहत गाड्यांच्या रांगा लागणे परवडेना. १९१४ ते १९२५ या काळात त्याची ‘मॉडेल टी’ काळ्याच रंगात मिळे, त्यामागे काळे इनॅमल स्वस्त, टिकाऊ आणि लवकर सुकणारे हा व्यवहार होता.

ही कोंडी कापसाने फोडली. कापसावर नायट्रिक आणि गंधकाच्या तेजाबाची क्रिया केली की नायट्रोसेल्युलोज तयार होते. यापासूनच बिनधुराची दारू होते, आणि सिनेमाची जुनी फिल्मही. पहिल्या महायुद्धात अमेरिकेतील ड्यु पाँ कंपनीने असली दारू अफाट प्रमाणावर केली होती. युद्ध संपले, कारखाने रिकामे झाले. १९२० साली न्यू जर्सीतील पार्लिन येथे कंपनीच्या लोकांना असे आढळले की हा पदार्थ पातळ करता येतो आणि तरीही त्यात भरपूर ऐवज राहतो. म्हणजे फवाऱ्याने उडवता येईल आणि थोड्याच हातांत जाड थर बसेल असा रंग मिळाला. तोच ‘ड्युको’. १९२३ साली जनरल मोटर्सने तो आपल्या ‘ओकलंड’ गाड्यांवर चढवला, निळ्या रंगात. आठवड्यांचे काम तासांवर आले आणि रस्त्यावरच्या मोटारी रंगीबेरंगी झाल्या. आपल्याकडे आजही सुतार असो की गॅरेजातला पेंटर असो, थिनर घालून गनने मारायच्या असल्या रंगाला ड्युकोच म्हणतो. कंपनी कोणती हे त्याला विचारू नये.

फिल्मचा विषय निघाला म्हणून एक आठवण देतो. दादासाहेब फाळक्यांचा १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ अशाच नायट्रेट फिल्मवर होता. त्याच्या चारांपैकी पहिले आणि शेवटचे रीळ तेवढे राहिले. २००३ च्या जानेवारीत पुण्यात नायट्रेट फिल्मांच्या कोठाराला आग लागून शेकडो जुन्या चित्रपटांची रिळे गेली. जुन्या मोटारीच्या अंगावरचा रंग त्याच कुळातला आहे. तो फिल्मसारखा कोठारात सडून पेट घेत नाही, हे खरे. पण वयाबरोबर पिवळा पडणे, आकसणे, कोरडा होऊन बारीक तडे जाणे हा कुळाचा स्वभाव त्याच्यातही उतरतो.

लाख आणि ड्युको यांत मानलेले नाते आहे ते हे. दोन्ही सुकतात ते त्यांतला द्रव उडून जातो म्हणून. भाकरी भाजली की पुन्हा पीठ होत नाही, तसे आजच्या मोटारीच्या रंगाचे आहे. भट्टीत त्याचे कण एकमेकांत गुंततात आणि मग थिनरला दाद देत नाहीत. लाखेचे आणि ड्युकोचे गुळासारखे आहे. स्पिरिट मिळाले की लाख पुन्हा पातळ, थिनर मिळाले की ड्युको पुन्हा पातळ, आणि ऊब लागली की दोन्ही मऊ. हा मऊपणाच त्यांच्या खोल चमकेचे कारण आहे आणि चऱ्यांचेही.

चरे येतात कोठून? फडक्यातून नव्हे, फडक्याखाली सापडलेल्या धुळीतून. आमच्या भागात तर हे विशेषच. येथली घरे जांभ्याच्या चिऱ्यांची, रस्ते जांभ्याचे, अंगणे जांभ्याची. बुकॅनन नावाच्या स्कॉटिश डॉक्टराने मलबारात हा दगड पाहिला आणि १८०७ साली लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून त्याचे नाव लॅटराइट ठेवले; आमच्या गवंड्याने नाव फार पूर्वीच ठेवले होते. उन्हाळ्यात या चिऱ्याची लाल धूळ साऱ्या जगावर बसते, तशी मोटारीवरही बसते. ड्रायव्हर सकाळी उठतो, खांद्यावरचे कोरडे फडके झटकतो आणि मोठ्या प्रेमाने बॉनेटवर गोल गोल फिरवतो. चिऱ्याने चरा पडतो तो असा.

गंमत पुढेच आहे. जांभा लाल असतो तो त्यातल्या लोहाच्या गंजामुळे. आणि सोनार दागिन्याला शेवटची झळाळी देतो ती ‘रूज’ची लाल पूड हाही शुद्ध लोहाचा गंजच. म्हणजे एकाच घराण्यातली धूळ एके ठिकाणी चरे पाडते आणि दुसऱ्या ठिकाणी चकाकी आणते. भेद कणाच्या आकाराचा आहे, आणि धुळीत मिसळलेल्या गारेच्या कणांचा. न्यूटनने १७०४ साली प्रकाशावर जो ग्रंथ छापला त्यात काच घासण्याविषयी त्याने हेच म्हटले आहे. घासण्याची पूड कितीही चांगली असो, ती काचेवर ओरखडेच काढते. पूड जितकी बारीक तितके ओरखडे बारीक, आणि शेवटी ते इतके बारीक होतात की दिसत नाहीत, त्याला आपण पॉलिश म्हणतो. आपल्या डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशलहरीची लांबी सुमारे ०.४ ते ०.७ मायक्रॉन, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्याहून ओरखडा बराच लहान झाला की उजेड त्याला ओळखत नाही. पुढे विसाव्या शतकात बील्बी या शास्त्रज्ञाने न्यूटनचे म्हणणे अपुरे ठरवले. घासताना पृष्ठभागाचा अगदी वरचा पदर वाहतोही, असे तो म्हणाला. सगळ्या धातूंना ते लागू पडते की नाही यावर विद्वानांचे वाद झाले. लाखेपुरता तो वाद खाडीपलीकडच्या कातारी लोकांनी लिन्सखोटेनच्या वेळीच मिटवला होता.

आता चक्री चरे काढायचे म्हणजे काय करायचे, हे कळायला सोपे जाईल. चरा हा खड्डा आहे. खड्डा बुजवता तरी येतो, नाहीतर आजूबाजूची सारी जमीन खड्ड्याच्या तळापर्यंत खाली आणता येते. गॅरेजात ‘रबिंग’ म्हणतात ते हे दुसरे काम. कंपाउंडची लुकण घेऊन, फडक्याने किंवा यंत्राला लावलेल्या मऊ चकतीने, सबंध बॉनेट इतके झिजवायचे की सर्वांत खोल चऱ्याचा तळ हाच नवा पृष्ठभाग व्हावा. नव्या मोटारीवरचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतात. आपल्या डोक्याचा केस ७० च्या आसपास जाड असतो. एवढ्या भांडवलावर हा व्यवहार करायचा. जुन्या गाडीवर किती थर उरला आहे ते आधी मोजणाऱ्या यंत्राने मोजावे लागते, कारण तिच्या पहिल्या मालकाने किती हौस केली हे आपल्याला ठाऊक नसते. कडा, उंचवटे, मडगार्डची धार या जागी थर आधीच पातळ झालेला असतो. तेथे एक हात जास्त फिरला की खालचा प्रायमर डोळे उघडतो. यंत्र एका जागी क्षणभर रेंगाळले तर ऊब चढते, ड्युको मऊ होतो आणि चकतीला चिकटून ओढला जातो. म्हणून जाणता माणूस सर्वांत सौम्य लुकण घेऊन, ओंजळीएवढ्या एका कोपऱ्यावर, हाताने सुरुवात करतो. शेवटचा हात तो गोल न फिरवता गाडीच्या लांबीच्या दिशेने सरळ ओढतो. जे ओरखडे राहतील ते एकाच दिशेचे राहतात आणि फार थोड्या जागेवरून डोळ्यांत भरतात. जपानात उत्तम काळ्या लॅकरला शेवटची झळाळी देताना कोळशाने घासून झाल्यावर हरणाच्या शिंगाची राख तेलात कालवून ती बोटाने आणि तळहाताने चोळतात. माणसाच्या तळहाताएवढे शहाणे फडके अजून कोणी विणलेले नाही.

या कामात एक क्षण असा येतो की नवखा माणूस दचकतो. आजच्या गाड्यांवर रंगाच्या वर पारदर्शक थर असतो. घासले तर फडके पांढरटच राहते. जुन्या ड्युकोवर बहुधा असा थर नसतो, जो वर तोच रंग. तांबडी गाडी घासली की फडके तांबडे होते, हिरवी घासली की हिरवे. नवख्याला वाटते मळ निघाला, आणि तो दुप्पट जोराने घासू लागतो. ते बंबाचे पाणी आहे. अंगणात निदान माडाला तरी मिळत होते.

दुसरा मार्ग बुजवण्याचा. तेलकट किंवा मेणाच्या लुकणीने खड्डे भरून काढायचे. कोरड्या पडलेल्या रंगाला तेल मुरले की तो थोडा जिवंत दिसतो, चरे निम्म्याने मिटल्यासारखे वाटतात. दोन पावसाळ्यांत नव्हे, दोन धुण्यांत ते पुन्हा वर येतात. गॅरेजवाले याला फसवणूक म्हणतात, आणि विकायच्या गाडीवर ती केली तर ती आहेच. पण जो आपली वस्तू आपल्याकडेच ठेवणार आहे, त्याच्या दृष्टीने मला यात फसवणूक दिसत नाही. मेण पुन्हा लावता येते. गेलेला थर कोणाला लावता येतो? नवा रंग मारता येतो, हे खरे. परंतु मग ती नव्या रंगाची गाडी. ज्या कारखान्यात, ज्या साली, ज्या माणसाने गन धरली होती त्याचा हात त्यावर राहत नाही.

जुन्या मोटारींच्या जगात या गोष्टीवर बरीच वर्षे खल झाला. पूर्वी हौशी लोकांची सारी ईर्षा जुनी गाडी नव्याहून नवी दिसावी ही असे. हळूहळू वारे फिरले. जुन्या वाहनांच्या जागतिक संघटनेने, ‘फिवा’ने, २०१२ साली ट्यूरिनची सनद म्हणून एक मसुदा मान्य केला, वाहनावर त्याच्या आयुष्याच्या ज्या खुणा उमटल्या असतील त्यांचा मान राखावा आणि आवश्यक तेवढाच हात लावावा, असा त्याचा आशय. आपल्याकडे २०२१ च्या जुलैत केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी नियम काढले आणि नंबरात ‘व्ही ए’ ही अक्षरे दिली. गाडी मूळ स्वरूपात असावी, चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरबदल नसावा, अशी अट त्यात आहे. रंगाची काळजी ज्याची त्याने करायची.

माझे मन मात्र राहून राहून मोटारीवरून चितारआळीकडे जाते. मोटार श्रीमंताची, तिला गॅरेज आहे, क्लब आहे, सनद आहे. आमच्या बाजूच्या जुन्या घरांत लाखेचे पाट आहेत, चौरंग आहेत, कोठे फडताळात गंजिफांची लाकडी पेटी आहे. त्यांना दिवाळी आहे. आजीच्या काळचा पाट काळवंडला म्हणून कोणी तो सोड्याच्या पाण्याने धुतो. कोणी पॉलिशपेपर मारून त्यावर डब्यातले व्हार्निश ओततो. कोणी गंजिफा स्पिरिटच्या बोळ्याने पुसतो आणि नृसिंहाचा रंग बोळ्यावर उतरला की घाबरून दुसऱ्या पानाला हात घालतो. पुष्कळ वस्तू वापराने इतक्या गेल्या नाहीत जितक्या स्वच्छतेने गेल्या. आणि त्या घालवणारी माणसे निष्काळजी नव्हती, हे दुःख अधिक आहे. ज्यांना त्या वस्तूंची माया होती त्यांनीच त्या घासल्या. ज्या घरात कोणाला पर्वा नव्हती तेथे पेटी कोपऱ्यात धूळ खात पडली, आणि धुळीखाली चिताऱ्याचा हात जसाच्या तसा राहिला.

पाटावरचे चरे कोणाचे आहेत याचाही विचार करावा. मुंजीतल्या बटूने वर बसताना घोटे घासले, बारशाला ताट सरकले, गौरीच्या दिवशी कलश फिरला. गंजिफांची पाने चादरीवर सरकत गेली, हातात एकमेकांवर घासली गेली; रात्री कृष्णाने सुरू झालेले डाव पहाटेपर्यंत चालले. हे चरे काढून त्या वस्तू नव्या करायच्या तर वाडीला जाऊन नव्याच घ्याव्यात, चिताऱ्याच्या चार पैशांची सोय होईल.

ज्याला हात आवरत नसेल त्याने एवढे करावे. लाखेच्या वस्तूवरची धूळ मऊ कुंचल्याने झटकावी, ओले फडके आणि स्पिरिट तिच्यापासून दूर ठेवावे, दिव्याच्या आणि उन्हाच्या उबेत ती ठेवू नये. मोटारीवर आधी भरपूर पाणी ओतावे म्हणजे चिऱ्याची धूळ वाहून जाईल, आणि मगच हात लावावा. चरे घालवायचेच ठरले तर सगळे घालवण्याच्या हट्टाला पेटू नये. वरवरचे गेले आणि खोल तेवढे राहिले की थांबावे. आणि घासायला फडके घ्यायचे ते पांढरे घ्यावे. रंगीत फडक्यावर गेलेला रंग दिसत नाही.